बदललेल्या गाड्यांची बखर



थोडं भीतभीतच विषयाकडे वळतो. व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून संतसाहित्यावर बोललं जातं, शेतीवर बोललं जातं, किल्ल्यांवर बोललं जातं. त्यात आज मोटारगाडी! तीसुद्धा अमेरिकेतली, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवरचं प्रश्नचिन्ह मला इथून दिसतंय. ते रास्तच आहे. शिवाय मी हे बोलतोय तो तालुका कोणता? माथेरानचा! ज्या गावाने मोटारीला दस्तुरी नाक्यावरच हात दाखवून थांबवलं, त्या गावाच्या पायथ्याशी उभं राहून मोटारींची महती गायची. पण मी महती गाणार नाही. मला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो विचारायला कर्जत-खालापूरसारखी दुसरी जागा नाही.

प्रश्न असा. एखादी गाडी कारखान्यातून निघाली. पुढे कोणीतरी ती उघडली. इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला, बॉडी लांबवली, नाहीतर कापली. आता ती गाडी बिघडली, की घडली? तिचा इतिहास तिथे संपला, की तिथून सुरू झाला?

तीन टप्प्यांत बोलेन. आधी अमेरिकेची गोष्ट, मग आपली गोष्ट, आणि शेवटी, या दोन्हींवरून आपण काय करावं हे.

अमेरिकेत १९६०च्या दशकात एका जातीच्या गाड्या निघाल्या. त्यांना 'मसल कार' म्हणतात. कृती सोपी होती. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं. १९६४ची पाँटियाक जीटीओ ही या जातीतली पहिली नामांकित गाडी. विशी-पंचविशीतल्या पोरांनी त्या डोक्यावर घेतल्या. पण कंपन्यांच्या वरच्या मजल्यावर बसलेल्या मंडळींना या प्रकाराची धास्ती होती. जनरल मोटर्सने १९६३ साली शर्यतींतून अंग काढून घेतलं, आणि पुढे मध्यम गाडीत ४०० घन इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही असा स्वतःच नियम केला. चारशे घन इंच म्हणजे साधारण साडेसहा लिटर. आपल्याकडच्या फियाट अकराशेचं इंजिन १०८९ सीसीचं होतं. म्हणजे सहा फियाटांची इंजिनं एका गाडीत घातली तरी त्यांचा नियम मोडत नव्हता! आणि तरीही तिथल्या लोकांना ते अपुरं वाटत होतं.

मग पुढे कोण आलं? कंपनी नाही, इंजिनिअर नाही. पुढे आला दुकानदार. गाड्या विकणारा डीलर.

पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग नावाच्या छोट्या गावात यँको कुटुंबाची शेव्हरोलेची, म्हणजे जनरल मोटर्सच्याच गाड्यांची, डीलरशिप होती. डॉन यँको स्वतः शर्यतीत गाडी चालवणारा माणूस. १९६७ साली त्याच्या वर्कशॉपमध्ये नव्या कोऱ्या कमॅरो गाड्यांची इंजिनं काढून तिथे ४२७ घन इंचांची, म्हणजे सात लिटरची इंजिनं बसवायला सुरुवात झाली. गाडी नवी, इंजिनही त्याच कंपनीचं, पण ही जोडी कंपनीच्या यादीत नव्हतीच. ती लावून दिली एका दुकानदाराने.

पुढची गंमत ऐका. प्रत्येक गाडीचं इंजिन असं उतरवत बसणं परवडेना. तेव्हा यँकोने कंपनीतली एक आडवाट वापरली. मोठ्या संख्येने टॅक्सी किंवा पोलिसांच्या गाड्या मागवणाऱ्यांना खास रंग, खास सामान हवं असेल, तर मुख्य कचेरीतून खास आदेश निघत. त्या पद्धतीला 'कोपो' म्हणत. टॅक्सीसाठी ठेवलेल्या त्या दारातून यँकोने सात लिटरच्या कमॅरो थेट कारखान्यातूनच बाहेर काढल्या. १९६९ साली अशा सुमारे दोनशे गाड्या यँकोच्या नावावर निघाल्या. नियम कायम राहिला, नियमाचा मान राहिला, आणि गाडीही मिळाली. सरकारी कचेरीत कधी काम पडलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये.

यँको एकटा नव्हता. शिकागोत निकी शेव्हरोले होती, तिच्या पाटीवरचं एक अक्षर मुद्दाम उलटं लावलेलं. शिकागोतच 'मिस्टर नॉर्म'ची डॉज डीलरशिप होती. मिशिगनमध्ये रॉयल पाँटियाक होती. त्यांनी बदललेल्या गाडीचं नाव 'बॉबकॅट'. आणि हे नाव गाडीवर लावायला नवी अक्षरं कुठून आणली? बॉनव्हिल आणि कॅटलिना या कंपनीच्याच दोन गाड्यांच्या नावांतली अक्षरं उचलून जुळवली! ऱ्होड आयलंडमधल्या टास्का फोर्डने एका मस्टँगमध्ये केलेला बदल फोर्ड कंपनीला इतका पटला, की १९६८ साली तो 'कोब्रा जेट' या नावाने कारखान्यातून येऊ लागला.

आणि फ्रेड गिब. इलिनॉयमधल्या ला हार्प या खेडेवजा गावातला डीलर. संपूर्ण ॲल्युमिनियमचं शर्यतीचं इंजिन घातलेल्या पन्नास कमॅरो त्याने एकदम मागवल्या. गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर किंमतही आली. सात हजार डॉलरच्या वर, म्हणजे साध्या कमॅरोच्या दुपटीहून जास्त. त्या गावात घेणार कोण? बऱ्याचशा गाड्या कंपनीला परत घेऊन इतर डीलरांकडे वाटाव्या लागल्या. अशा एकूण ६९ गाड्या बनल्या. तेव्हा कोणी हात लावायला तयार नव्हतं, आज लिलावात त्यांच्यासाठी रांग लागते.

हा खेळ फार वर्षं चालला नाही. विमा कंपन्यांनी हप्ते भरमसाट वाढवले. १९७०च्या कायद्याने धुरावर बंधनं आली. १९७३ साली तेलाचा भडका उडाला. मसल कार एका रात्रीत नको झाली. त्या गाड्या सेकंडहँड बाजारात कवडीमोलाने गेल्या. पोरांनी त्या शर्यतीत ठोकल्या, इंजिनं काढून विकली, उरलेलं भंगारात घातलं. बऱ्याच डीलरशिपा बंद पडल्या, आणि त्यांच्या बहुतेक बिलबुकांचं जे होतं तेच झालं. रद्दी.

वीसेक वर्षं गेली. तीच पोरं आता पोक्त झाली, हातात पैसा आला, आणि त्यांना आपली गाडी आठवली. शोध सुरू झाला. पण कोणत्याही साध्या कमॅरोत सात लिटरचं इंजिन बसवता येतं, बाजूला यँकोच्या नावाचे पट्टे चिकटवता येतात. झाली यँको तयार! मग खरी कोणती, हे ठरवायचं कसं?

इथे या छांदिष्ट लोकांनी जे केलं, ते कोणत्याही इतिहास संशोधकाने टोपी काढावी असं आहे. एक, त्यांनी धातू वाचला. गाडीचा ओळख क्रमांक बघायचा, त्याच क्रमांकाचा तुकडा इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला आहे का ते बघायचं. ब्लॉक कोणत्या तारखेला ओतला हे त्यावरच उठवलेलं असतं. गाडी मार्चमध्ये जुळली आणि ब्लॉक मेमध्ये ओतलेला निघाला, तर ती जोडी मूळची नाही. दोन, त्यांनी कागद शोधला. कारखान्यात जुळणीच्या वेळी प्रत्येक गाडीबरोबर एक तक्ता फिरत असे. कामगार काम झाल्यावर तो सीटच्या स्प्रिंगांत खोचून देत, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर टाकून देत. चाळीस वर्षांनी सीट उसवल्यावर तो पिवळा पडलेला कागद मिळाला, की या मंडळींना खजिना सापडल्यासारखं होतं. तीन, त्यांनी माणसं गाठली. डीलरकडचा जुना मेकॅनिक, सेल्समन, पहिला मालक, शर्यतीच्या मैदानावर फोटो काढणारा. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय जसे चोपडी उघडून तुमच्या पणजोबांचं नाव वाचून दाखवतात, तशा चोपड्या या लोकांनी गाड्यांच्या तयार केल्या. कोणत्या क्रमांकाची गाडी, कोणी घेतली, कोणाला विकली, कुठे ठोकली, आज कुठे आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. पाँटियाकच्या नोंदी टिकल्या. जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या नोंदी टिकल्या. फोर्डच्या १९६७पासूनच्या नोंदी आज पैसे भरून मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेंच्या मात्र तशा सलग नोंदी मिळत नाहीत. म्हणजे यँकोच्या गाडीबद्दल बलाढ्य जनरल मोटर्स गप्प, आणि साक्ष देतंय कोण? कॅनन्सबर्गच्या दुकानदाराचं बिल!

तर अमेरिकेच्या गोष्टीचा निष्कर्ष काय? तिथे बदललेल्या गाडीची किंमत मूळ गाडीहून कितीतरी जास्त आहे. अट एकच. बदल कोणी केला, कधी केला, हे सिद्ध झालं पाहिजे. बदलाने किंमत जात नाही. नोंद नसली की जाते.

आता आपल्या घरी येऊ.

अमेरिकन गाड्या आपल्या मुलखाला नव्या नाहीत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डचीही जुळणी पुढे मुंबईत होऊ लागली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो. आतली गोष्ट अशी, की या तीन गाड्या म्हणजे बरीचशी एकच गाडी. समोरची जाळी वेगळी, नावाची पट्टी वेगळी, बाकी सांगाडा सारखा. म्हणजे मूळ गाडी, अस्सल गाडी असं आपण ज्याला म्हणतो, तिथेसुद्धा बदल कारखान्यातूनच सुरू झालेला होता.

१९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं, ज्यांना इथे सुटे भाग बनवून खरं उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं, नुसती जुळणी पुरे. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. गाड्या मात्र राहिल्या. लांबरुंद, सहा सिलिंडरच्या, पेट्रोल पिणाऱ्या. सुटे भाग मिळेनासे झाले. हळूहळू त्या श्रीमंतांच्या दारातून उतरून टॅक्सीच्या अड्ड्यावर आल्या.

आणि मग आलं १९७३. तोच तेलाचा भडका. इथे मला दोन मिनिटं थांबायचंय, कारण माझ्या सगळ्या बोलण्याचा कणा इथे आहे. एकाच वर्षी, एकाच कारणाने, दोन देशांत अमेरिकन गाडीवर संकट आलं. अमेरिकेने काय केलं? गाडी टाकून दिली. आपण काय केलं? बोनेट उघडलं. पेट्रोलचं इंजिन उतरवलं, आणि तिथे पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. डिझेल पेट्रोलहून स्वस्त होतं आणि पर्किन्सची इंजिनं मद्रासला सिम्प्सन कंपनी बनवत होती. तिथल्या डीलरने मोठं इंजिन घातलं म्हणून त्याचं नाव झालं. आपल्या मिस्त्रीने मोठं इंजिन काढलं, म्हणून गाडी आणखी वीस वर्षं धावली आणि एका घराची चूल पेटत राहिली. मग सांगा, कोणता बदल मोठा?

हे काम ऐकायला सोपं वाटतं. इंजिन काढलं, इंजिन बसवलं. प्रत्यक्षात बघा. डिझेल इंजिनाचं तोंड जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडाला बसत नाही. मग मधे जाड लोखंडाची प्लेट घडवायची, लेथवर तिला भोकं पाडायची, आणि दोन्हीकडचे मध्य तंतोतंत जुळवायचे. केसभर फरक पडला की क्लच आणि बेअरिंग खलास. डिझेलचं वजन जास्त, म्हणजे पुढचे स्प्रिंग बसणार. ते बदला. डिझेल कमी फेऱ्यांत जोर देतं, म्हणून मागच्या डिफरन्शियलचं गणित चुकणार. तेही बघा. आणि १९५५पर्यंतच्या त्या क्रायस्लरच्या गाड्यांची वीज सहा व्होल्टची. एवढ्या दाबाचं डिझेल इंजिन फिरवायला सहा व्होल्टचा स्टार्टर कुठला पुरणार? म्हणजे बॅटरी, डायनॅमो, स्टार्टर, दिवे, सगळी वीज बारा व्होल्टवर न्यायची. हे सगळं ड्रॉइंगशिवाय. फळ्यावर खडूने, नाहीतर थेट लोखंडावर खिळ्याने रेघ मारून. आणि त्या मिस्त्रीचं नाव? तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही.

जीपचंही तसंच. महिंद्रांनी १९४९ साली माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. इंजिन पेट्रोलचं. दुसऱ्या महायुद्धात तेलाची चिंता करायची वेळ जीप चालवणाऱ्यावर आली नव्हती, आपल्यावर रोज येत होती. गॅरेजवाले जीपमध्ये डिझेल बसवू लागले. आणि १९७०च्या दशकात खुद्द कंपनीनेही आपल्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये घालून ती बाजारात आणली. शेतातलं इंजिन रस्त्यावर आलं. यँको आणि टास्काची गोष्ट आठवते ना? तिथेही गॅरेजचा बदल पुढे कारखान्यात गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, मुंबई झाली, माझगाव झालं, कर्जत-खालापूर कुठे आहे यात? मंडळी, कर्जत-खालापूर यात पहिल्यापासून आहे. कारण इथे घाट आहे.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३०चा. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि डोंगरापुढे थांबली. पुढे पालखी, डोली, बैल, पाय. १८६३ साली रेल्वेने घाट चढला, पण कसा? सदतीस फुटांना एक फूट असा चढ. साधं इंजिन त्याला पुरत नाही. म्हणून आजही बऱ्याच गाड्या कर्जतला थांबतात, आणि त्यांना मागून रेटायला बँकर इंजिनं लागतात. सगळ्या देशाला कर्जतचा वडा माहीत आहे तो या थांब्यामुळे! घाटाने यंत्राला सांगितलं, तू सपाटीवर कोणीही असशील, इथे बदलावं लागेल.

रस्त्यावर वेगळं काही घडलं नाही. खोपोली-खालापूरची गॅरेजं घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली, ती काही योगायोगाने नाही. रेडिएटर उकळणं, ब्रेक तापणं, क्लच जळणं, पाटा तुटणं, हे सगळं इथे. ट्रक तर आपल्याकडे कारखान्यातून पूर्ण कधी यायचाच नाही. यायची नुसती चेसिस. ड्रायव्हर उघड्यावर बसून ती बॉडी बिल्डरकडे न्यायचा, आणि लाकूड, पत्रा, रंग, लिंबू-मिरचीसकट ट्रक तिथे तयार व्हायचा. त्या ट्रकचा मूळ अवतार कोणता, सांगा बरं! रायगडच्या रस्त्यांवरच्या मिनिडोर आणि विक्रम रिक्षा आठवा. नेरळहून दस्तुरीला चढणाऱ्या ओम्नी आठवा. कंपनीने त्या ज्या कामासाठी काढल्या त्याहून कितीतरी अवघड काम त्यांनी इथे केलं. घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकतो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात, आणि वाट दाखवल्यावर त्याचा जीव घेतला गेला असंही सांगतात. वाट दाखवणाऱ्याचं नाव रस्त्याला मिळालं नाही, पण ड्रायव्हर लोकांनी ते जपलं.

खोपोलीची आणखी एक ओळख विसरू नका. १९६०च्या दशकात इथे महिंद्रा युजिन, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'मस्को', उभी राहिली. मोटारीच्या भागांना लागणारं मिश्र पोलाद तिथे तयार होऊ लागलं. म्हणजे गाड्या उघडणारे हात खोपोलीत होते आणि गाड्यांना लागणारं पोलादही खोपोलीत होतं.

तर मग आपण याच्या नोंदी ठेवल्या का?

एका बाबतीत ठेवल्या, आणि ते उदाहरण तुमच्या तालुक्यातलंच आहे. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय घराण्याच्या जिद्दीवर. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपल कंपनीने चार वाफेची इंजिनं बनवली. तीव्र वळणं घेता यावीत म्हणून त्यांच्या चाकांचे आस सरकते ठेवले होते. घाटासाठी मुद्दाम घडवलेली यंत्रं. त्यांचे क्रमांक ७३८ ते ७४१. वाफेचा जमाना १९८२च्या सुमारास संपला. आज ती इंजिनं कुठे आहेत हे रेल्वेप्रेमी चटकन सांगतात. एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात, एक नेरळला, एक माथेरानला, आणि एक अमेरिकेला जाऊन पुढे इंग्लंडला पोचलं. चार इंजिनं, चारहींचा पत्ता ठाऊक. का? कारण क्रमांक होते, याद्या होत्या, आणि त्या याद्या जपणारी वेडी माणसं होती.

डिझेल घातलेल्या डॉज-प्लिमथचं काय? त्यांची यादी कुठे आहे? ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली, लोकांनी शेवटच्या टॅक्सीबरोबर फोटो काढले. छान झालं. तिच्या आधीच्या डिझेल डॉज टॅक्सीला मात्र निरोपाची चार ओळींची बातमीही मिळाली नाही.

आता कायदा बघा. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. चांगला नियम आहे, त्याचं स्वागतच. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे कोणी गाडी वर्षानुवर्षं गॅरेजात झाकून ठेवली, तर ती वारसा. आणि जी गाडी डिझेलवर रोज धावली, जिने तीन भावंडांची शिक्षणं केली, ती वारसा नाही. अमेरिकेतली यँको कमॅरो या नियमापुढे उभी केली, तर १९६७ची गाडी नापास होईल आणि १९६९ची पास! कारण पहिलीचं इंजिन दुकानात बदललं, दुसरीचं कारखान्यात.

माझा गैरसमज करून घेऊ नका. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी बदलावर बंधन हवंच. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. ज्याने बोरघाटात ब्रेक गेलेला ट्रक बघितला आहे, तो या निर्णयाला विरोध करणार नाही. वाकडं वेल्डिंग केलेली चेसिस माणसं मारते. पण आजच्या रस्त्यावर काय चालावं, हा एक प्रश्न. काल काय घडलं याची नोंद असावी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देताना आपण दुसरा पुसून टाकतो, एवढंच माझं गाऱ्हाणं.

मग शोध घ्यायचा कसा? अमेरिकेतल्या मंडळींच्या तीन वाटा आपल्यालाही खुल्या आहेत.

धातू. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, म्हणजे प्रिंट उमटते. आरटीओच्या कामाला जे गेले आहेत त्यांना ठाऊक आहे. हा जगातला सर्वांत स्वस्त ऐतिहासिक ठसा. इंजिन नंबरचाही घ्या. डिझेल इंजिनाच्या अंगावरची पाटी वाचा.

कागद. जुनं आरसी बुक. इंजिन बदललं की त्यात नव्या इंजिनाचा नंबर आणि इंधन चढवून घ्यावं लागे. त्या एका शिक्क्यावरून गाडीचं धर्मांतर कोणत्या वर्षी झालं ते कळतं. कराची टोकनं, विम्याच्या पावत्या, गॅरेजची बिलं. नंबर प्लेटसुद्धा बोलते. १९८९च्या आधीचे तीन अक्षरी नंबर, मग एमएच शून्य सहा, आणि पनवेलचं आरटीओ झाल्यावर आपल्या भागाचं एमएच सेहेचाळीस. नंबरावरून गाडी कोणत्या काळात, कोणत्या कचेरीत उभी राहिली ते समजतं.

आणि माणसं. हे सर्वांत तातडीचं. कागद कपाटात वाट बघू शकतो, माणूस बघू शकत नाही. टर्नर, फिटर, वेल्डर, वायरमन, बॉडी बिल्डरकडचा सुतार, पासिंगची कामं करणारा एजंट. यांना चार प्रश्न विचारा. बदल कोणी केला? कधी केला? कुठे केला? आणि का केला? पहिल्या तिन्हींची उत्तरं गाडीबद्दल सांगतील. चौथ्याचं उत्तर तुमच्या तालुक्याबद्दल सांगेल. डिझेल का घातलं, याच्या मागे तेलाचे भाव आहेत. जीप का लांबवली, याच्या मागे एसटी न पोचलेली वाडी आहे. ब्रेक का बदलले, याच्या मागे घाटातला एखादा अपघात आहे.

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा छंद आहे, गरिबाला त्याचं काय? अमेरिकेत तो बऱ्याच अंशी श्रीमंतांचा झाला आहे, हे खरं. लिलाव, दलाल, बनावट गाड्या, खटले, सगळं आलं. पण तिथेही एक उणीव राहिली, ती बघा. पट्ट्यावर नाव यँकोचं. ते इंजिन साखळीने उचलून आत उतरवणाऱ्या मेकॅनिकांची नावं किती जणांना ठाऊक? काही जिद्दी शोधकांनी त्यांना वृद्धापकाळी गाठलं, बोलतं केलं. मला त्या शोधकांचं काम लिलावांपेक्षा मोलाचं वाटतं. आपल्याकडे तर दुकानदाराचंही नाव नाही आणि मिस्त्रीचंही नाही. मग आपण सुरुवात मिस्त्रीपासूनच का करू नये? तिथे इतिहास मालकाकडून कामगारापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली. आपण ती वाचवू शकतो.

म्हणून शेवटी एक साधी मागणी करतो, आणि ती या सभागृहापुरती आहे. कर्जत आणि खोपोलीच्या वाचनालयांनी प्रत्येकी एक नोंदवही उघडावी. गाडीचा नंबर आणि चेसिसची प्रिंट, मग कोणी, कधी, कुठे, का. प्रत्येक प्रश्नाला एक रकाना, आणि माहिती देणाऱ्याची सही. शाळेतल्या मुलांना सुट्टीत हे काम द्या. आपल्या आजोबांच्या हातांनी काय घडलं हे त्यांना कळू दे. स्क्रॅपला निघालेल्या गाडीचा कागद जमा करण्याआधी त्याची एक प्रत काढून वहीत लावा. गाडी वाचवायला पैसा लागतो, जागा लागते, कोर्टकचेरी लागते. नोंद वाचवायला एक वही आणि एक पेन्सिल लागते. तेवढंही आपल्याला जमलं नाही, तर पुढची पिढी म्हणेल की आपण गाड्या फक्त चालवल्या, आणि ते खोटं असेल. आपण त्या घडवल्याही.

सुरुवातीला विचारलं होतं, बदललेली गाडी बिघडली की घडली? ते ठरवणारा पुरावा या दोन तालुक्यांतल्या कपाटांत आणि माणसांत आहे.

वेळ संपत आली आहे. आता तुमचे प्रश्न घेतो. आणि ज्यांच्या घरी जुनं आरसी बुक आहे, किंवा ज्यांनी स्वतः कधी एखादं इंजिन उतरवून दुसरं चढवलं आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नये. माझ्याजवळ एक कोरी वही आहे. पहिल्या पानापासून सुरुवात करू.